एका पानाचा अभिप्राय

ॲडव्होकेट रंगनाथ खळदकरांनी बावीस वर्षांत सरकारला एकदाही ‘हो’ म्हटलं नव्हतं. ‘नाही’ही म्हटलं नव्हतं. सरकार त्यांच्यावर खूश होतं.

ते केंद्र सरकारच्या पॅनेलवरचे वकील होते. पॅनेल म्हणजे एक यादी. दर तीन वर्षांनी ती दिल्लीहून नव्याने यायची आणि दर तीन वर्षांनी तिच्यात त्यांचं नाव असायचं. टपाल खात्यातल्या माणसाची पेन्शन, लष्कराच्या ट्रकने उडवलेली म्हैस, टेलिफोनच्या खांबाला धडकलेला स्कूटरवाला, असली कामं ते मन लावून करत. म्हशीच्या खटल्यात त्यांनी सव्वीस तारखा मिळवल्या होत्या. म्हशीचा मालक शेवटी कंटाळून त्यांचाच अशील झाला.

मग देशाने आपली दारं उघडली. पुण्यातले लोक परदेशी माल पाठवू लागले. नेमकं त्याच सुमारास जगात कुणी ना कुणी कुणावर निर्बंध घालू लागलं. अमक्या देशाला काही पाठवायचं नाही. पाठवायचंच तर अन्न आणि औषध. अन्न कशाला म्हणायचं, औषध कशाला म्हणायचं, यावर दिल्लीहून जाडजूड परिपत्रकं येत. येरवड्याच्या बाजूला निर्यातीचं एक सरकारी कार्यालय होतं, तिथे ती साठत.

कार्यालयाने एक दिवस पॅनेलवरच्या चारही वकिलांना बोलावलं. निर्बंधांचं काम कोण बघणार, असं विचारलं. दोघांना त्याच दिवशी ताप आला. तिसरे रावसाहेब पोकळे. ते तेव्हाच हिंजवडीच्या जमिनींचे करार करू लागले होते आणि खिशात मोबाइल बाळगत. त्यांनी परिपत्रकांचं पाकीट उचललं, वजन बघितलं आणि रंगनाथांच्या मांडीवर ठेवलं.

“तू वाच. तुला चष्मा आहे.”

अशा रीतीने रंगनाथ खळदकर आंतरराष्ट्रीय निर्बंधांचे पुण्यातले एकमेव सरकारी सल्लागार झाले.

त्यांच्याकडे पासपोर्ट नव्हता. त्यांनी अप्पा बळवंत चौकातून एक शालेय ॲटलास आणला. तो जुना निघाला. त्यातले काही देश अजून फुटायचे होते. तरी त्यांनी त्यावरून बंदरं पाठ केली, नद्या पाठ केल्या. पुण्यात ते सिंहगड रस्त्यावरून वडगावला जाताना चुकत, पण निर्बंध असलेल्या देशाच्या बंदरातून राजधानीला जायचे तीन रस्ते त्यांना तोंडपाठ होते. देशाचं नाव मात्र ते घेत नसत. फाईलवर ‘सदर देश’ लिहायची पद्धत होती. तीच तोंडात बसली. सकाळी पेपर उघडून ते म्हणत, “सदर देशात काल पुन्हा गडबड झाली.” त्यांची बायको विजयमाला शाळेत गणित शिकवायची. ती म्हणे, “सदर चहा निवतोय.”

शेजारच्या नव्या बिऱ्हाडकरूने तिला एकदा विचारलं, “मिस्टर कुठे असतात?”

“येरवड्याला.”

शेजारीण गप्प झाली. विजयमालाने तिला थोडा वेळ तसंच राहू दिलं. मग म्हणाली, “तुरुंगात नाही हो. त्याच्या पुढच्या चौकात. पण सुटका तितकीच अवघड.”

रंगनाथांच्या अभिप्रायाची एक ठरलेली घडण होती. दोन पानं. पहिल्या पानावर मालाचं वर्णन, कलमं, परिपत्रकांचे क्रमांक आणि शेवटी ‘हरकत दिसून येत नाही’. दुसरं पान ‘तथापि’ने सुरू होई. तथापि, हरकत नसल्याची खात्री देता येत नाही. तथापि, वरिष्ठांनी आपल्या स्तरावर उचित निर्णय घ्यावा. वरिष्ठ ते दिल्लीला पाठवत. दिल्ली विचारी, स्थानिक वकिलाचं मत काय? मग ते दोन पानी मत पुन्हा दिल्लीला जाई. या येण्याजाण्यात आजवर कुणाचंही काही चुकलं नव्हतं. एका बागवानाची द्राक्षं तेवढी कार्यालयाच्या आवारात उभी राहिली आणि त्यांचे बेदाणे झाले. मग मालाचं वर्णन बदललं, म्हणून त्याला नवा अर्ज करावा लागला.

दोन हजार एक सालच्या फेब्रुवारीत त्यांच्याकडे एक फाईल आली. वर लाल चिठ्ठी होती : तातडीचे. आत एका छापील कागदावर एका यंत्राचं चित्र होतं. यंत्राला पोट होतं, वर एक वाडगा होता आणि बाजूला दोन चोची. मागे सगळं काळं आणि त्यात चांदण्या. एका कोपऱ्यात पृथ्वी. खाली इंग्रजीत लिहिलं होतं : कोंढरे सेंट्रिफ्यूज सिस्टिम्स, हाय-स्पीड सेपरेशन टेक्नॉलॉजी, कात्रज. संख्या पंचेचाळीस. जाणार सदर देशाला. बोट वीस तारखेला.

रंगनाथांनी निर्बंधांची यादी काढली. सेंट्रिफ्यूज त्यात होतं. वेगाने फिरून एका पदार्थातून दुसरा वेगळा काढणारं कुठलंही यंत्र. ते अणुबॉम्बच्या कामाला येतं म्हणून. वेगाने म्हणजे किती वेगाने, हे यादीत लिहिलेलं नव्हतं. यादी करणाऱ्यांनी बहुधा वकिलाचा सल्ला घेतला होता.

कार्यालयाचे उपसंचालक नागोराव ठवकर यांनी फाईलवर प्रश्न लिहिला होता : ‘सदर यंत्र अवकाशात वापरले जाते काय, याबाबत विधी अभिप्राय मिळावा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगनाथ दूध घ्यायला खाली उतरले तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर एक माणूस बसला होता. पांढरी टोपी, बोटांच्या पेरांत काळं वंगण. शेजारी झाकणाची किटली.

“वकीलसायेब का? मी बापूराव कोंढरे. मलई मशीनवाला.”

रंगनाथ दोन पायऱ्या मागे चढले. “अर्जदाराने सरकारी वकिलाला भेटायचं नसतं.”

“मी कुठं भेटायला आलोय? मी बसायला आलोय. बसायला बंदी हाय का?”

पायरी सोसायटीची होती. बंदी नव्हती. रंगनाथ तिथेच उभे राहिले. ऐकायला बंदी होती का, याचा विचार करेपर्यंत बापूरावांनी निम्मं सांगून टाकलं.

कात्रजच्या तळ्यामागे त्यांचं वर्कशॉप होतं. सहा माणसं. तीस वर्षं ते एकच यंत्र बनवत होते. दूध वरून ओतायचं, हातानं हँडल फिरवायचं, एका चोचीतून साय येते, दुसरीतून पातळ दूध. एके काळी भोर-वेल्ह्यापर्यंत घरोघर त्यांची मशिनं होती. मग मोठ्या डेअऱ्या आल्या, विजेवरचे प्लँट आले, आणि हाताने फिरवायला कुणाला वेळ उरला नाही. चार वर्षं मागणी नव्हती. आता कुठून तरी ही मागणी आली होती. सदर देशात खेड्यांतून वीज नव्हती. एक मदत संस्था तिथल्या बायकांना मशिनं वाटणार होती, मेंढीच्या दुधासाठी.

“बिल्डरचा मानूस रोज येतो,” बापूराव म्हणाले. “बाजूला कंप्यूटरची कंपनी होतीय. तिला गाड्या लावायला जागा पाहिजे. मी म्हनलं, माल गेला तर शेड ठिवतो, न्हाई गेला तर एक मार्चला सही करतो. सहा जनांचं काय करायचं ते ज्याचं त्यानं बघायचं.”

“आणि ते अवकाश?”

“कसलं?”

“चित्रात मागे चांदण्या आहेत. पृथ्वी आहे.”

बापूरावांनी टोपी काढून पुन्हा घातली. “ती सृष्टीची करामत. धाकटी पोरगी. कंप्यूटरचा कोर्स झालाय तिचा. म्हनली, आप्पा, मलई मशीन नाव लावलं तर जगात कुनी इचारनार न्हाई. मी म्हनलं, लाव तुला पाहिजे ते. माझं इंग्रजी सहीपुरतंच.”

ते उठले आणि किटली पुढे केली. रंगनाथांनी दोन्ही हात मागे बांधले. अर्जदाराकडून काहीही घेता येत नव्हतं, दूधसुद्धा. किटली तशीच परत गेली. विजयमाला वरच्या गॅलरीतून बघत होती. रंगनाथ वर आले तेव्हा त्यांच्या हातात दुधाची पिशवी नव्हती.

“आज काळा चहा,” ती म्हणाली. “तुमची सचोटी घालून.”

रंगनाथांनी त्या दिवशी कोर्टात जायच्या आधी कागद पुढे घेतला. पहिलं पान नेहमीसारखं झालं. दुसऱ्या पानावर ‘तथापि’ लिहिलं आणि ते थांबले. तथापि म्हणजे दिल्ली. दिल्ली म्हणजे दोन महिने. बोट वीसला. एप्रिलमध्ये पॅनेलची नवी यादी येणार होती. निर्बंधांच्या कामात एक ‘हो’ चुकला तर त्या यादीत नाव राहणार नव्हतं, आणि त्या वयात म्हशींवरही भागणार नव्हतं. हे सगळं त्यांना दिसत होतं. पायरीवरचा माणूसही दिसत होता. त्यांनी पान फाडलं आणि फाईलवर एक वेगळीच ओळ लिहिली : ‘अभिप्रायापूर्वी माल चालवून पाहणे आवश्यक.’

बावीस वर्षांत त्यांनी माल कधी पाहिला नव्हता. मालाचं वर्णनच पाहिलं होतं.

पंधरा तारखेला बापूराव रिक्षा-टेंपोतून मशीन घेऊन कार्यालयात आले. सोबत दहा लिटर दूध आणि सृष्टी. सृष्टीच्या गळ्यात मोबाइलची दोरी होती. दोरीला मोबाइल नव्हता.

नागोराव ठवकरांच्या खोलीत काच लावलेलं मोठं टेबल होतं. नागोराव भंडाऱ्याचे, पुण्यात येऊन पाच वर्षं झाली होती, पुण्याची भीती अजून गेली नव्हती. त्यांनी टेबलापुढे दोन्ही हात पसरले.

“टेबलाले बोल्ट नका मारू जी! सरकारी मालमत्ता आहे ते.”

“आमचा ठोकळा आनलाय,” बापूराव म्हणाले.

ठोकळ्यावर मशीन बसलं. पत्र्याचं पोट, पितळी दांडा, लाकडी मूठ. चांदण्यांशिवाय ते अगदी साधं दिसत होतं. नागोराव त्याच्याकडे बघून थोडे हिरमुसले.

“दूध कोमट लागतं,” बापूराव म्हणाले. खोलीतल्या सगळ्यांनी वळून हेडक्लार्क अख्तरबानू तांबोळींकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघताय?” अख्तरबानू म्हणाल्या. त्यांच्या तीन पिढ्या रविवार पेठेत गेल्या होत्या आणि त्यांच्या जिभेवर पेठेचाच हक्क होता. “बाई दिसली की दूध तापवायला दिलंच पाहिजे का? तिकडे हीटर आहे. ‘हीटर वापरण्यास सक्त मनाई’ अशी पाटी आहे ना, तिच्या बरोबर खाली.”

दूध नागोरावांनी तापवलं. त्यांना सवय होती.

बापूरावांनी हँडल फिरवायला सुरुवात केली. घंटी वाजू लागली. टण, टण, टण. शेजारच्या खोल्यांतून माणसं आली. कुणाला वाटलं जेवणाची सुट्टी झाली, तो डबा घेऊनच आला. मग घंटी अचानक थांबली.

“बिघडलं,” नागोराव म्हणाले.

“बिघडलं न्हाई. दांड्यात घंटी हाय. हळू फिरतंय तवर वाजती. येग आला की गप. आता सोडा दूध.”

सृष्टीने वरच्या वाडग्याची तोटी उघडली. आधी काही झालं नाही. मग एका चोचीतून पातळ दुधाची धार आली आणि दुसरीतून, हळू, दाट, पिवळसर साय. टाईपरायटरसुद्धा थांबले होते.

रंगनाथांनी वही काढली. “आतलं भांडं मिनिटाला किती फेरे घेतं?”

बापूरावांना आदल्या दिवशी कार्यालयातून निरोप गेला होता, विचारलं तेवढंच सांगा. पण हा प्रश्न त्यांना तीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. त्यांची छाती फुगली.

“आठ हजार! साऱ्या जिल्ह्यात कुनाचं फिरत न्हाई एवढं!”

नागोरावांनी निर्बंधांची यादी जवळ ओढली. ‘वेगाने’ या शब्दावर बोट ठेवलं.

“आठ हजार म्हणजे वेगवानच झालं की,” नागोराव हळूच म्हणाले. “बाप्पा.”

“आप्पा, जरा कमी सांगायचं ना,” सृष्टी पुटपुटली. “तुम्ही ओव्हर करता.”

“आन तू? पृथ्वी कुनी काढली?”

रंगनाथ वहीतल्या आठ हजारांकडे बघत राहिले. कायद्याने माणूस हरला होता. ते तिथेच थांबून घरी जाऊ शकत होते. दोन पानं सहज झाली असती. पण त्यांनी कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि बाह्या वर केल्या.

“मला फिरवू द्या.”

ते फिरवू लागले. घंटी वाजली. वाजतच राहिली. एक मिनिट गेलं, दोन गेली. अख्तरबानू म्हणाल्या, “वकीलसाहेब, अणुबॉम्ब आज होईल ना? मला साडेपाचची बस आहे.” रंगनाथांनी दात दाबून जोर लावला. घंटी थांबली. साय आली. चार मिनिटांनी खांदा भरून आला, सातव्या मिनिटाला बोटं सुटली आणि घंटी पुन्हा वाजू लागली.

“एक माणूस किती वेळ फिरवू शकतो?” त्यांनी धापा टाकत विचारलं.

“सवयीचा असंल तर धा मिनटं. मग दुसरा लागतो.”

“आणि मोटर लावली तर? दिवसभर चालेल?”

बॉम्बच्या कामाला न थांबता फिरणारं यंत्र लागतं, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा होता. खोलीत तो दोघांनाच कळला होता, रंगनाथांना आणि सृष्टीला. तिने बापाचा सदरा मागून ओढला. बापूरावांचं लक्ष नव्हतं. त्यांचा चेहरा पडला होता.

“मोटर न्हाई लागत, सायेब. पितळी गियर हाय. मोटर जोडली की धा मिनटात दाते सोलून निघत्यात. चार वर्सं खटपट केली. धा गियर मोडले. मोटर बसंना म्हनून तर धंदा बसला. आता लपवून काय करू?”

“म्हणजे विजेवर चालत नाही?”

“न्हाई चालत. लई वाईट वाटतं सांगताना.”

रंगनाथांनी वहीत लिहिलं. खांदा भरला होता, अक्षर वेडंवाकडं आलं. बापूराव मान खाली घालून उभे होते. माणूस स्वतःच्या मालातला दोष सांगून खजील व्हावा आणि त्याच दोषावर त्याची शेड उभी राहावी, असं कुठल्याच परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं.

साय अख्तरबानूंनी डब्यात भरून घेतली. पुरावा म्हणून ठेवता येणार नाही, नासेल, असं त्यांनी नागोरावांना समजावलं. पातळ दुधाचा चहा सगळ्यांनी घेतला. नागोरावांनी घोट घेऊन तोंड वाकडं केलं. “याच्यात काहीच नाही उरलं जी.”

“मग?” बापूराव म्हणाले. “मशीन चांगलं हाय म्हनूनच ना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी रंगनाथ स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. उजव्या खांद्याला विजयमालाने शेकायची पिशवी बांधली होती. पहिलं पान समोर होतं, दुसरं शेजारी कोरं. ते स्वतःशीच बोलले, “सदर यंत्राचा अन्य उपयोग होणारच नाही, याची खात्री देता येत नाही.”

“कशाची देता येते?” विजयमाला खोबरं किसत होती.

“कशाचीच नाही. ही किसणी घे. हिचाही अन्य उपयोग होऊ शकतो.”

“होतो ना. रोज माझी बोटं.” तिने किसणी खाली ठेवली. “यंत्र बघितलंत?”

“बघितलं.”

“फिरवलंत?”

“खांदा कुणाचा शेकतेयस?”

“साय आली?”

“आली.”

“मग अडलंय कुठे?”

“लिहिण्यात.”

“पोरं असंच करतात,” ती म्हणाली. “गणित सुटलेलं असतं. उत्तर लिहायची भीती वाटते. चुकलं तर त्यांचं नाव लागेल ना त्याला.”

ती पुन्हा किसू लागली. रंगनाथांनी बराच वेळ पेन नुसतं धरून ठेवलं. मग पहिल्या पानाच्या तळाशी लिहिलं : ‘यंत्र मी स्वतः चालवून पाहिले. ते हाताने चालते, माणूस दमला की थांबते, त्यास वीज जोडता येत नाही. ते दुधातून साय काढते. अन्न तयार करण्याचे साधन म्हणून ते सदर देशास पाठवावे.’ खाली सही केली. तारीख घातली. दुसरं पान उचललं, बघितलं आणि विजयमालाला दिलं. तिने त्यावर खोबरं काढून ठेवलं.

पुढे कित्येक महिने कोर्टाच्या बाररूममध्ये रावसाहेब पोकळे सांगत, खांदा दुखत होता म्हणून रंगनाथचं एकच पान झालं. खांदा दुखत होता हे खरं होतं.

पान त्यांनी सकाळीच कार्यालयात पोचवलं होतं. त्याच दुपारी अडीच वाजता घरी फोन आला. अख्तरबानू होत्या.

“वकीलसाहेब, दुसरं पान राहिलंय.”

“नाही राहिलं.”

“अहो, राहिलंय. मी फाईल झटकून बघितली. ‘पाठवावे’वर तुटलीय.”

“तुटलेली नाही. तेवढंच आहे.”

पलीकडे फाईल पुन्हा झटकल्याचा आवाज आला. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “तुमची तब्येत बरी आहे ना?”

रंगनाथ स्कूटर काढून येरवड्याला गेले. खांद्यामुळे वळण घेताना सगळं अंग वळवावं लागत होतं. नागोरावांच्या खोलीत नागोराव टेबलाखाली होते. शिपाई कपाटामागे झाडू घालत होता.

“साहेब, काय हरवलं?”

“तुमचं पान,” नागोराव टेबलाखालून म्हणाले. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या केसांना जळमट लागलं होतं. “सकाळपासून शोधतोय. वारं आहे जी आज. खिडकीतून गेलं असन.”

“अहो, लिहिलंच नाही मी. मत एका पानात संपलं.”

नागोराव खुर्चीत बसले. त्यांनी ते पान पुन्हा वाचलं, पाठीमागून उलटून पाहिलं, उजेडापुढे धरलं.

“म्हणजे तुम्ही ‘हो’ म्हणता?”

“हो.”

“नुसतं ‘हो’?”

“नुसतं.”

“काहून असं करता?” नागोरावांचा आवाज रडवेला झाला. “मी यावर सही कशी करू? तुमचं दुसरं पान असलं की मी दिल्लीले पाठवतो. हे कुठं पाठवू? हे तर इथंच संपलं!”

“म्हणूनच सही करा.”

“अन् उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?”

“माझी.”

“हे कुठं लिहिलंय?”

“खाली सही आहे ना, ती कशाला असते?”

नागोरावांनी सहीकडे पाहिलं. ती बावीस वर्षं तिथेच असायची, पण या दृष्टीने तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी पेन उघडलं. टोपण पुन्हा लावलं. सव्वाचार वाजले होते. मशिनं अठराला कात्रजहून निघाली नाहीत तर बोट मिळणार नव्हती, आणि आज सही झाली नाही तर मशिनं निघणार नव्हती.

“खरी अडचण सांगू का?” अख्तरबानू दारातून म्हणाल्या. त्यांच्या हातात आवक नोंदवही होती. “खळदकर वकिलांचा अभिप्राय म्हणजे दोन पानं. वहीत तो रकाना मी जानेवारीतच वर्षभराचा भरून ठेवते. दोन, दोन, दोन. आता तपासणीला माणूस आला की विचारणार, एक पान गेलं कुठे? खाल्लं का? मग चौकशी माझी.”

“खोडा आणि एक करा.”

“नोंदवहीत खाडाखोड? माझी नोकरी आठ वर्षं राहिलीय, साहेब.”

भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. या कार्यालयात त्याचा आवाज सहसा कुणाला येत नसे.

रंगनाथ खुर्चीत बसले. “एक कागद द्या.”

अख्तरबानूंनी कोरा कागद दिला. रंगनाथांनी त्यावर वर ‘पान २’ लिहिलं आणि खाली एकच ओळ : ‘या अभिप्रायास दुसरे पान नाही.’ सही केली. शिक्का मारला. तारीख घातली.

नागोरावांनी पान हातात घेतलं, ओळ दोनदा वाचली आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला.

“हां,” ते म्हणाले. “आता कसं पूर्ण वाटते.”

अख्तरबानूंनी दोन्ही पानं टाचली. नागोरावांनी सही केली. डोळे मिटून केली, पण केली.

अठरा तारखेला रविवार होता. रंगनाथ विजयमालाला मार्केट यार्डात जाऊन येतो म्हणाले आणि स्कूटर कात्रजला नेली. प्रकरण संपलं होतं. आता जायला बंदी नव्हती, तरी ते तळ्याच्या कडेने, जरा आडवाटेनेच गेले. शेडबाहेर ट्रक उभा होता. सहा माणसं खोकी चढवत होती. बापूराव प्रत्येक खोक्याला हात लावून आत सोडत होते. सृष्टी कागद घेऊन ड्रायव्हरशी भांडत होती.

“असा कागद मी पाहिलेला नाही,” ड्रायव्हर म्हणत होता. “न्हावाशेव्याला गेटवर उभं करतील मला. यात म्हणतात दुसरं पान नाही, आणि हेच तर दुसरं पान आहे.”

“भाऊ, पहिलं वाचा ना!”

ड्रायव्हरने पहिलं वाचलं. शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं. “पाठवावे. बस?”

“बस,” सृष्टी म्हणाली. “फायनल.”

त्याने कागद घडी करून गणपतीच्या फोटोमागे खोचला. ट्रक सुरू झाला. मागची फळी खडखडली, धूर आला, धुळीतून ट्रक बायपासच्या दिशेने वळला. माणसं घाम पुसत शेडमध्ये परतली. पलीकडे कंपनीच्या नव्या इमारतीच्या काचा चमकत होत्या. तिथला रखवालदार फाटकाशी उभा राहून हे सगळं बघत होता.

बापूरावांना तेव्हा कुठे रंगनाथ दिसले. ते लगबगीने आले.

“सायेब, तुमी? काय ऱ्हायलं का? एखादा कागद?”

“नाही. सगळं झालंय.”

“मग उन्हात का हुबं? आत या की. चा टाकतो. सायीचा.”

“येतो. दोन मिनिटं.”

बापूरावांनी त्यांच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. रस्ता रिकामा होता. लांब वळणावर ट्रकचा मागचा भाग अजून थोडा दिसत होता.

“काय बघताय?”

“माल,” रंगनाथ म्हणाले. “जाताना कसा दिसतो ते.”